प्रलयकथा : घटना, कारण आणि अधिकार
(नवदीक्षित कुटुंबांच्या धम्मवर्गापुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यापुढे पंचशीलाविषयी बोलावे, अष्टांगिक मार्गाविषयी बोलावे; जगबुडीच्या जुन्या कथांशी आपल्याला काय कर्तव्य आहे? परंतु हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. शेजारी सांगतो, मुलगा मोबाइलवर दाखवितो की, जगातील साऱ्या प्राचीन ग्रंथांत महापुराची कथा आहे. अर्थात जगबुडी झाली हे सिद्ध झाले. अर्थात पुराणे खरी ठरली. आणि तुम्ही मात्र ती टाकून दिलीत! या तीन 'अर्थात'ांपुढे नवदीक्षित मनुष्य निरुत्तर होतो. निरुत्तर होण्याचे काहीही कारण नाही, हे आज आपण पाहू.

कोणतीही प्रलयकथा समोर आली म्हणजे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. घटना कोणती घडली? तिचे कारण म्हणून काय सांगितले आहे? आणि त्या कथेच्या आधारे कोणाला अधिकार मिळाला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरे निघाले म्हणून पुढची दोन्ही उत्तरे आपोआप खरी ठरत नाहीत. माझे सारे म्हणणे एवढेच आहे.

प्रथम कथा पाहू. निनेवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात खिळ्याच्या आकाराच्या अक्षरांत कोरलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ साली त्यांतील एक पाटी वाचून दाखविली, तेव्हा सारे युरोप चकित झाले. बायबलमधील नोहाच्या महापुराशी कमालीचे साम्य असलेली कथा तीत होती. त्याच प्रदेशातील याहून जुन्या अत्राहसिस काव्यात महापुराचे कारण दिले आहे : माणसांची संख्या वाढली आणि त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडली. बायबलमध्ये कारण बदलते. तेथे मानवजातीचे पाप पुढे येते. आपल्याकडील शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक मासा येतो, पुराची सूचना देतो व त्याची नौका उत्तरेकडील पर्वताकडे नेतो; परंतु पूर कशामुळे आला, याचे कारणच तेथे सांगितलेले नाही. ती कथा आली आहे 'इडा' नावाच्या यज्ञविधीचे समर्थन करण्यासाठी.

आता विचार करा. पाणी तेच आहे, नौका तीच आहे; कारण मात्र एका ठिकाणी गोंगाट, दुसऱ्या ठिकाणी पाप आणि तिसऱ्या ठिकाणी मौन! पूर मनुष्याने डोळ्यांनी पाहिला असेल. कारण त्याने पाहिलेले नाही. ते सांगणाऱ्याने आपल्या प्रयोजनाप्रमाणे जोडले आहे.

मग सर्व जग बुडविणारा एकच पूर आला होता काय? इराकमधील ऊर या प्राचीन नगराच्या उत्खननात लिओनार्ड वुली यांना तीन मीटरांहून अधिक जाडीचा, पुराने आणलेल्या गाळाचा थर मिळाला. १९२९ साली ही वार्ता जगभर पसरली व महापुराचा पुरावा मिळाला असा गाजावाजा झाला. परंतु जवळपासच्या इतर नगरांतील गाळाचे थर तपासले, तेव्हा ते निरनिराळ्या काळांचे निघाले. म्हणजे तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांना वेळोवेळी भयंकर पूर आले होते. ज्याने आपल्या गावाच्या शिवेपलीकडे पाऊल टाकले नाही, त्याला आपले गाव बुडाले म्हणजे जगच बुडाले असे वाटणे स्वाभाविक आहे. मनुष्यवस्ती नदीकाठी आणि समुद्रकाठीच वाढली. म्हणून पुराच्या कथा देशोदेशी आहेत. पृथ्वीवरील सारा बर्फ वितळला, तरी समुद्राची पातळी सुमारे ६५ ते ७० मीटर वाढेल. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. हिमालयावर सागरी जीवांचे अवशेष मिळतात ते समुद्र तेथवर चढला म्हणून नव्हे. प्राचीन समुद्राचा तळच भूखंडांच्या दाबाने वर उचलला गेला म्हणून.

तथापि, साऱ्या लोककथा खोट्या आहेत असे म्हणणे हेही अविचाराचे होईल. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूलनिवासी जमातींत, रात्री भूमी हादरली आणि समुद्राने वस्त्याच्या वस्त्या गिळल्या, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. कोठे ते महापक्षी आणि देवमासा यांचे युद्ध म्हणून सांगत. १९८० नंतरच्या दशकांत भूशास्त्रज्ञांना त्याच किनाऱ्यावर, खचलेल्या जमिनीत उभ्याच मेलेल्या देवदारांची वने व मातीवर पसरलेली समुद्राची वाळू सापडली. दूर जपानमध्ये, भूकंप न जाणवता अचानक आलेल्या लाटेच्या लेखी नोंदी होत्या. या साऱ्यांचा मेळ घातला, तेव्हा २६ जानेवारी १७०० ही तारीख निश्चित झाली. येथे कथा साक्षीदार म्हणून उपयोगी पडली. निकाल मात्र झाडांनी, वाळूने आणि लेखी नोंदींनी दिला. ज्यांना अडाणी म्हणून हिणविले, त्यांची साक्ष खरी ठरली, याचा आपल्याला आनंदच वाटला पाहिजे.

दुसरे उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाचे आहे. १९०७ साली तेथे भूकंपानंतर समुद्राची लाट येऊन फार मोठी प्राणहानी झाली. त्या लाटेला तेथील लोक 'स्मोंग' म्हणतात. आजीने नातवंडांना सांगावे : जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर अवघी ७ माणसे दगावली. लक्षात घ्या, या शिकवणीत कोणी पापी नाही, कोणी निवडलेला नाही, कोणाच्या वंशाचा महिमा नाही. माणसे वाचावीत, एवढाच तिचा हेतू आहे. अशी परंपरा आपण आदराने जतन करावी.

आता आपल्या महाराष्ट्रात या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. लवणासुर दैत्याला विष्णूने तेथे मारले, अशी कथा सांगतात. आणि हल्ली काही विद्वान म्हणतात की, ही आकाशातून पडलेल्या अशनीचीच स्मृती होय. ते विवर अशनीच्या आघातानेच झाले, हे खरे आहे. परंतु शास्त्रीय मापनानुसार तो आघात पाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या मानवजातीचे आजवर मिळालेले सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मग ती स्मृती कोणी कोणाला सांगितली? विवर आधी होते, कथा मागाहून रचली गेली.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि तोच आपल्या जिव्हाळ्याचा आहे. शतपथ ब्राह्मणातील मासा हा मासाच आहे. महाभारतात तो ब्रह्मदेव होतो आणि मत्स्यपुराणात विष्णू होतो. पुढे अवतारांची यादी तयार होते. तिच्या आरंभी मत्स्य आणि नवव्या स्थानी तथागत बुद्धांना बसविण्यात येते! म्हणजे 'पूर खरा, म्हणून मत्स्यावतार खरा' हे ज्याने मान्य केले, त्याचे बोट धरून ही यादी त्याला नेमकी तेथेच नेते, जेथे जाण्यास बाविसांपैकी पाचव्या प्रतिज्ञेने आपण नकार दिला आहे. मनूच्या नावाचेही तसेच. पंडित लोक प्रलयातील वैवस्वत मनू आणि स्मृतीचा स्वायंभुव मनू असा भेद करतात. परंतु सामान्य जनांच्या मनात नाव एकच राहते व नौकेची पुण्याई स्मृतीला मिळते. ज्या स्मृतीने आपल्या पूर्वजांना विद्या, धन व मान नाकारला, तिचे दहन परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. इराकमधील गाळाचा थर तीन मीटरांचा असो की तीस मीटरांचा, त्याने त्या स्मृतीतील एकही अन्याय न्याय ठरत नाही.

हीच कसोटी आपण आपल्या ग्रंथांनाही लावली पाहिजे. नाही तर आपणही नवे पुराणिकच ठरू. अंगुत्तर निकायात सात सूर्य उगवून नद्या व समुद्र आटतील आणि सुमेरू पर्वत जळेल, असे वर्णन आहे. सूर्य हळूहळू अधिक प्रखर होत असून अतिदूर भविष्यकाळी समुद्र आटतील, असे आजचे शास्त्र सांगते. म्हणून बुद्धांनी आधीच खगोलशास्त्र सांगितले होते, अशी बढाई आपण मारू नये. त्या सुत्ताचा उद्देश अनित्यता समजाविण्याचा आहे. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची जी कारणे दिली आहेत, त्यांत पृथ्वी पाण्यावर व पाणी वायूवर आधारलेले आहे असे म्हटले आहे. आजच्या ज्ञानाने ते टिकत नाही. हे मोकळेपणाने सांगितल्याने धम्माला बाध येत नाही. केवळ परंपरेने आले अथवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे केसपुत्त येथील कालामांना तथागतांनीच सांगितले होते.

अखेरीस एक इशारा. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रलयंकारी भूकंप झाला. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड होय, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. हे विधान वरवर आपल्या बाजूचे वाटते. तरीही ते आपण नाकारले पाहिजे. ज्यांचा अपराध नव्हता, त्या दरिद्री व अस्पृश्य माणसांची घरेही त्या भूकंपात कोसळलीच की! आज देवाचा कोप आपल्या बाजूने उभा करू दिला, तर उद्या आपल्याच वस्तीत पाणी शिरल्यावर 'धर्म सोडला म्हणून ही शिक्षा' असे म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देणार?

आपत्तीत खरा अन्याय कोठे घडतो, ते ओळखा. २००४ च्या त्सुनामीने जात विचारली नाही. परंतु तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत वाटताना दलित कुटुंबांना डावलले गेल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. सखल जागी वस्ती, कच्ची घरे आणि मदतीच्या यादीतून गळलेली नावे, ही माणसांची करणी आहे. म्हणून ती माणसांना बदलता येते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ प्रमाणे भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. हे कलम घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या. तसेच वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे संविधानाच्या ५१ क अनुच्छेदाने आपले मूलभूत कर्तव्य ठरविले आहे, हेही विसरू नका.

यापुढे मुलाने जगबुडीची गोष्ट विचारली, तर त्याला दटावू नका. ती गोष्ट त्याला जरूर सांगा आणि मग आपले तीन प्रश्न विचारायला शिकवा. ज्या घरात मूल असे प्रश्न विचारू लागते, त्या घराची धम्मदीक्षा खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे मी समजतो.

नमो बुद्धाय! जय भीम!