डॉक्टरकीचें शिक्षण आणि सैन्याचा करार



बारावीचा निकाल जवळ आला कीं आमच्या ओसरीवर पालकांचा राबता सुरू होतो. मास्तर निवृत्त झाला तरी त्याचा सल्ला निवृत्त होत नाहीं, अशी गांवाची समजूत आहे. अलीकडे प्रश्न बहुधा एकच असतो: मुलास डॉक्टर व्हावयाचें आहे, खाजगी महाविद्यालयाचें शुल्क झेपण्यासारखें नाहीं, सैन्य फुकट शिकवितें म्हणतात, तें खरें काय?

सैन्य शिकवितें हें खरें. ‘फुकट’ या शब्दाबद्दल मात्र थोडें बोलावयाचें आहे.

पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ रोजीं स्थापन झालें. नव्या विद्यार्थ्यांसाठीं एम्. बी. बी. एस्. चा वर्ग तेथें ४ ऑगस्ट १९६२ रोजीं सुरू झाला. अभ्यास साडेचार वर्षांचा व त्यानंतर एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. शिक्षणाचा, राहण्याचा व जेवणाचा भार सरकार उचलतें. मोबदला पैशांत द्यावयाचा नसतो, वर्षांत द्यावयाचा असतो. पदवीनंतर सैन्याच्या वैद्यकीय सेवेंत अधिकारी म्हणून जावेंच लागतें. अल्प मुदतीची नेमणूक सात वर्षांची. कायम नेमणूक म्हणजे जवळजवळ सारें कर्तें आयुष्य. कोणास कोणती मिळावी हें केवळ त्याच्या इच्छेवर नसतें. शिक्षण मध्येंच सोडलें किंवा पुढें सेवा नाकारली, तर करारांत ठरलेली मोठी रक्कम भरावी लागते. अमेरिकेंतहि १९७२ पासून अशी योजना आहे. तेथें विद्यार्थी मुलकी महाविद्यालयांत शिकतो, सैन्य त्याचें शुल्क भरतें, आणि शिष्यवृत्तीच्या एकेका वर्षामागें सामान्यतः एकेक वर्षाची सेवा घेतें. व्यवहार तोच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी गेल्या वर्षीं वडिलांबरोबर आली होती. वडील कोरडवाहू शेतकरी. त्यांनीं खर्चाचे प्रश्न विचारले. मुलगी गप्प बसली होती. अखेर तिनें विचारलें, “गुरुजी, सात वर्षांनंतर मला इकडे दवाखाना काढतां येईल ना?” वडिलांच्या साऱ्या प्रश्नांहून हा प्रश्न मोलाचा होता. अल्प मुदतीची नेमणूक संपल्यावर येईल. कायम नेमणूक झाली तर बहुधा म्हातारपणींच, असें मीं सांगितलें. तेव्हां वडिलांनीं दुसरीच शंका काढली: मुलीच्या जातीला सैन्य कसें झेपणार? मीं त्यांस डॉक्टर माधुरी कानिटकर यांचें नांव सांगितलें. त्या याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. २०२० सालीं लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ सालीं नाशिकच्या त्याच विद्यापीठाच्या कुलगुरु. वडील निरुत्तर झाले. मुलीनें मात्र आठ दिवस मागून घेतले, याचें मला अधिक कौतुक वाटलें.

आतां अर्जाविषयीं. मी स्वतः मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. म्हणून माहितीपत्रक शब्दकोश जवळ घेऊन दोनदां वाचलें. ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवांचून येथें प्रवेश नाहीं. पण नुसते गुण मिळवून पुण्याहून बोलावणें येईल म्हणून वाट पाहत बसूं नये. वैद्यकीय समुपदेशन समितीकडे नोंदणी करून तेथें या महाविद्यालयाचा पर्याय आपण होऊन नोंदवावा लागतो. कित्येक मुलें येथेंच चुकतात. आजवर अट अशी कीं, उमेदवार अविवाहित असावा, बारावी पहिल्याच प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी, तिन्ही शास्त्रविषयांत मिळून शेंकडा ६० आणि इंग्रजींत शेंकडा ५० गुण असावे. तरी ज्या त्या वर्षाचें पत्रक पाहिल्यावांचून राहूं नये.

निवडक उमेदवारांस मग पुण्यास बोलावितात. तेथें इंग्रजी भाषेची व तर्कशक्तीची परीक्षा, मानसिक चांचणी, मुलाखत आणि शरीरतपासणी होते. आमच्या मराठी शाळांतील मुलें रसायनशास्त्रास भीत नाहींत, इंग्रजीस भितात. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख मोठ्यानें वाचावा आणि पुस्तक मिटून त्याचा आशय पांच ओळींत लिहावा. वर्षभर केलें तर फरक पडतो, हें मीं पाहिलें आहे. डोळे, कान, दांत हे अकरावींतच दाखवून घ्यावे. मुलाखतींत सैन्यांत कां यावयाचें, असें विचारलें तर “घरची गरिबी” एवढेंच उत्तर पुरेसें नाहीं. गरिबी लपवूं नये. पण सीमेवरच्या चौकीवर किंवा युद्धनौकेवर राहण्याची तयारी आहे काय, याचें उत्तर मुलाचें स्वतःचें हवें. तें पालकांनीं पाठ करून घेतलेलें असलें तर चार वाक्यांत उघडें पडतें.

करारपत्र इंग्रजींत असतें, आणि त्यांत पालकहि बांधले जातात. जाणत्या माणसाकडून तें ओळीओळीनें मराठींत समजावून घ्यावें, मुलास समोर बसवून. नंतर एक रात्र तें तसेंच ठेवावें. सही सकाळीं करावी, आणि आधीं मुलाला करूं द्यावी.