काजळीतले पिंजरे



साठ कार्बन अणूंचा पोकळ पिंजरा: बारा पंचकोन, वीस षटकोन, थेट फुटबॉलच्या शिवणीसारखे. १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांनी ग्राफाइटवर लेझर सोडला, वाफ हेलियमच्या झोतात निववली आणि त्यात हा रेणू ओळखला. पुढे १९९६ चं नोबेलही मिळालं. पण चिमूटभर पदार्थ हाती कुठे होता? तो १९९० मध्ये हायडेलबर्गचे क्रेचमर आणि टूसॉनचे हफमन यांनी मिळवला. दोघांचा अभ्यास ताऱ्यांमधल्या धुळीचा! हेलियममध्ये ग्राफाइटच्या कांड्या विजेने तापवल्या, जमलेली काजळी बेंझिनमध्ये ढवळली, तर बेंझिन तांबूस झालं. काजळीतून रंग उतरावा, हेच नवल.

आता ग्राफाइट म्हणजे षटकोनांचे थरच. मग त्याच थराचा तुकडा दुमडून पिंजरा होत असेल का? कल्पना मोहक आहे. पडताळ्यासाठी साधा कार्बन आणि थोडा जड असा कार्बन-१३ एकत्र वाफवला. तुकडे दुमडत असते, तर दोन्ही प्रकार पिंजऱ्यांत वेगवेगळे राहिले असते. ते पुरते मिसळलेले निघाले. म्हणजे थर आधी विस्कटतात, आणि पिंजरा वाफेतून नव्याने जुळतो.

तसं असेल तर ग्राफाइटच कशाला हवं? १९९१ मध्ये दगडी कोळशापासून पिंजरे निघाले. त्याच वर्षी एमआयटीत हॉवर्ड यांच्या गटाने कमी दाबाखाली बेंझिन जाळलं, त्या ज्योतीच्या काजळीतही ते होते. मात्र ज्योतीत सत्तर अणूंच्या लांबट पिंजऱ्यांचा वाटा बराच वाढू शकतो. कच्चा माल आणि तो तापवायची रीत, दोन्हींची खूण मागे उरते तर!

बोस्टन कॉलेजच्या स्कॉट यांनी २००२ मध्ये उलटी वाट धरली. साठही कार्बन अणू जागच्या जागी असलेला, जवळपास सपाट रेणू त्यांनी टप्प्याटप्प्याने बांधला आणि ११०० अंश सेल्सिअसला निर्वातात तापवला. त्याला जोडलेले हायड्रोजन, क्लोरीन सुटले, कडा जुळल्या. पिंजरे निघाले ते फक्त साठ अणूंचे, सत्तरचा एकही नाही. उत्पादन एक टक्क्याच्या आत. धंद्याच्या दृष्टीने फुकटच. पण मला सगळ्यांत देखणा प्रयोग हाच वाटतो.

आणि ती थर दुमडण्याची कल्पना? २०१० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफीनच्या, म्हणजे ग्राफाइटच्या एकेरी थराच्या, एका कपच्याचे कडेचे अणू उडाले, तिथे पंचकोन तयार झाले, कपचा वाकला आणि मिटला. वाफ न होताच पिंजरा तयार.