पराभूत संघाचा प्रेक्षक



८ डिसेंबर २०२३ रोजी बंगळूरच्या श्री कंठीरव क्रीडांगणावर स्थानिक संघ, म्हणजे बंगळूर फुटबॉल क्लब, मुंबई सिटीकडून चार विरुद्ध शून्य असा हरला. हंगामातील हा त्याचा नववा सामना. या नऊ सामन्यांत मिळून त्याच्या वाट्याला विजय आला होता अवघा एक. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना निरोप देण्यात आला. पैसे मोजून चार गोलांचा पराभव पाहणारा आणि जड पावलांनी घराकडे वळणारा जो प्रेक्षक असतो, तो आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो एवढा का चिडतो, त्याच्या चिडण्याचा रोख प्रशिक्षकाकडेच का वळतो आणि त्याचे म्हणणे कितपत खरे असते, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्मरणशक्तीत सापडते. ज्याने कधी काही जिंकलेले नाही, अशा संघाचा पाठीराखा सहसा संतापत नाही. तो हसून वेळ मारून नेतो. संताप येतो तो ज्याला चांगले दिवस आठवतात त्याला. बंगळूरकराच्या आठवणींचा साठा मोठा आहे. १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक ‘बंगळूर मुस्लिम्स’ या संघाने जिंकला. तोपर्यंत ती स्पर्धा गोऱ्या पलटणींचीच मानली जात असे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे रामन याच भागातले, आणि पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालच्या पाच गाजलेल्या आघाडीवीरांपैकी एक झालेले अहमद खानही याच शहराचे. संतोष करंडक म्हैसूरने १९४६ ते १९६९ या काळात चार वेळा जिंकला. त्यानंतर मात्र दीर्घ ओहोटी आली. तो करंडक पुन्हा कर्नाटकाकडे येण्यासाठी ५४ वर्षे जावी लागली. मार्च २०२३ मध्ये रियाध येथे मेघालयाला तीन विरुद्ध दोन असे हरवून कर्नाटकाने तो मिळविला.

बंगळूर फुटबॉल क्लबची स्थापना या ओहोटीच्या काळातच, जुलै २०१३ मध्ये, झाली. मालक होता एक मोठा पोलाद उद्योगसमूह, प्रशिक्षक होते इंग्लंडचे ॲशली वेस्टवुड आणि कर्णधार सुनील छेत्री. पहिल्याच हंगामात या संघाने आय-लीग जिंकली. २०१६ मध्ये ती पुन्हा जिंकली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आशियाई संघटनेच्या एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत तो पोहोचला. दोहा येथील तो सामना इराकच्या हवाई दलाच्या संघाने एका गोलाने जिंकला. तथापि तेथवर मजल मारणारा तो पहिलाच भारतीय क्लब होता. अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल मैदानात पश्चिमेच्या सज्जात बसणाऱ्या तरुणांनी आपल्या मंडळाला त्या सज्जावरूनच ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ असे नाव घेतले. पुढे संघ कंठीरवला गेला, तेव्हा सज्जाचे हे नावही त्याच्याबरोबर गेले.

२०१७ मध्ये संघ इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी अंतिम सामना घरच्याच मैदानावर चेन्नईविरुद्ध दोन विरुद्ध तीन असा निसटला. दुसऱ्या वर्षी, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईत गोव्याशी गाठ पडली. नव्वद मिनिटे संपली, जादा वेळही सरत आली, आणि कॉर्नरवरून आलेला चेंडू राहुल भेके या बचावपटूने डोक्याने जाळ्यात धाडला. भेके हा मुंबईचाच मुलगा. आपल्याच शहरात त्याने बंगळूरला अजिंक्यपद मिळवून दिले. प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांच्या नावाचा तेव्हा जयघोष झाला.

प्रेक्षकाचे दुःख समजून घ्यावयाचे, तर हा कळस आधी नजरेसमोर ठेवला पाहिजे. त्या जयघोषाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच जानेवारी २०२१ मध्ये सलग तीन पराभवांनंतर क्वाद्रात आणि क्लब यांची वाट वेगळी झाली. त्या हंगामात संघ अकरांमध्ये सातवा आला. पुढील वर्षी मार्को पेत्साय्योली यांच्या हाताखाली तो सहाव्या स्थानावर राहिला. हे दोन्ही हंगाम महासाथीमुळे गोव्यातील रिकाम्या मैदानांवर खेळले गेले. बंगळूरच्या प्रेक्षकाला आपल्या संघाची घसरण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहावी लागली. त्याला धड ओरडताही आले नाही. साचून राहिलेल्या रागाचे हेही एक कारण मानले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. रागाचा रोख प्रशिक्षकाकडेच का वळतो? याचे कारण साधे आहे. पराभवाची कारणे अनेक आणि अदृश्य असतात, तर प्रशिक्षक एक आणि दृश्य असतो. दुखावलेला गुडघा, उशिरा झालेली खेळाडूंची खरेदी, प्रवासाचा शीण, खांबाला लागून परतलेला चेंडू, यांतील कशालाही उद्देशून घोषणा देता येत नाहीत. अकराच्या अकरा खेळाडू हंगामाच्या मध्यावर बदलता येत नाहीत. मालकाला बदलणे तर प्रेक्षकाच्या स्वप्नातही येत नाही. रेषेबाहेर उभा राहून हातवारे करणारा एक गृहस्थ तेवढा बदलता येण्यासारखा असतो, म्हणून सारे खापर त्याच्या माथी फुटते. व्यवस्थापनालाही हे सोयीचे असते. आपल्या चुकीच्या निवडीबद्दल जाब विचारला जाण्यापूर्वी निवडलेला माणूसच दूर केला, की काही काळ मैदान शांत होते.

पण असे केल्याने संघ सुधारतो काय? हा तिसरा प्रश्न, आणि तो मोजून पाहता येण्याजोगा आहे. नेदरलंड्समधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी त्या देशातील १९८६ ते २००४ या काळातील फुटबॉलचे निकाल तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघाची कामगिरी सुधारते, असे वरवर पाहता दिसले. परंतु तशीच घसरगुंडी झालेले आणि तरीही प्रशिक्षक न बदलणारे संघ शेजारी ठेवून पाहता तेही जवळजवळ तसेच सावरलेले आढळले. अतिशय वाईट दिवसांनंतर थोडे बरे दिवस येतात, हा बहुतांशी सृष्टिक्रम असतो. ताप आपोआप उतरावा आणि श्रेय अंगाऱ्याला मिळावे, तसाच हा प्रकार होय.

बंगळूरचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. २०२२–२३च्या हंगामात ग्रेसन यांच्याच मार्गदर्शनाखाली संघाने पहिल्या बारा सामन्यांत आठ पराभव स्वीकारले आणि केवळ दहा गुण मिळविले. प्रशिक्षकाला घालवा, ही मागणी तेव्हा सहज मान्य झाली असती. ती मान्य झाली नाही, आणि त्याच प्रशिक्षकाच्या त्याच संघाने साखळीतील उरलेले आठही सामने ओळीने जिंकले. दहांचे चौतीस गुण झाले. तो चौथ्या स्थानावर पोहोचला, उपान्त्य फेरीत मुंबईला पेनल्टींवर हरवून अंतिम सामन्यात गेला आणि तेथे कलकत्त्याच्या मोहन बागानपुढे पेनल्टींवरच हरला. डिसेंबरात नालायक ठरलेला माणूस मार्चमध्ये मुत्सद्दी ठरला होता, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा नालायक ठरला. एवढ्या अवधीत एका मनुष्याच्या बुद्धीत तीनदा उलथापालथ झाली असेल, हे मानणे कठीण आहे.

ग्रेसन गेल्यानंतरचे आकडेही पाहावेत. पहिल्या नऊ सामन्यांत सात गुण होते. संघाची सूत्रे स्पेनचे जेरार्ड सारागोसा यांच्याकडे आली, आणि उरलेल्या तेरा सामन्यांत पंधरा गुण मिळाले. सुधारणा झाली, पण बेताचीच. बारा संघांत दहावा क्रमांक, हा त्या हंगामाचा शेवट. एप्रिल २०२४ मधील अखेरच्या सामन्यात पुन्हा कंठीरववरच चार गोलांचा पराभव झाला, या वेळी मोहन बागानकडून. बदललेल्या प्रशिक्षकाने त्याच शहराला त्याच मैदानात तोच निकाल दाखविला.

या वेळी मात्र व्यवस्थापनाने प्रशिक्षक ठेवला आणि बाकीचे बरेच बदलले. उन्हाळ्यात नवे खेळाडू आणण्यात आले. तीन वर्षे मुंबईकडे खेळलेला राहुल भेके परतला. हंगामपूर्व तयारीसाठी पुरेसा अवधी मिळाला. २०२४–२५ मध्ये हाच संघ तिसरा आला. बाद फेरीत त्याने मुंबईला पाच विरुद्ध शून्य असे हरविले, गोव्याला उपान्त्य फेरीत मागे टाकले आणि अंतिम सामन्यात मोहन बागानपुढे जादा वेळेत एका गोलाने हार पत्करली. ज्याला आदल्या वर्षी घालवावयास हवे होते, तोच हा प्रशिक्षक.

मग प्रेक्षकाचा राग सर्वस्वी चुकीचा समजावयाचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वैद्याचे निदान चुकलेल्या रोग्यालाही वेदना खरीच होत असते. आपल्या संघात काहीतरी बिघडले आहे, हे प्रेक्षकाला पुष्कळदा सर्वांच्या आधी कळते, कारण कुठलेही वेतन न घेता तो प्रत्येक सामना पाहत असतो. चूक होते ती बोट दाखविण्यात. २०२४–२५ मध्ये बंगळूरच्या वतीने सुनील छेत्रीने चौदा गोल केले, तेव्हा त्याचे वय चाळीस होते. प्रेक्षकाने या गोष्टीचा आनंद मानावा, हे योग्यच आहे. परंतु चाळिशीतल्या खेळाडूच्या खांद्यावर संघाचा भार का राहावा, त्याच्या मागून येणारा विशीतला आघाडीपटू कोठे आहे, हा प्रश्नही त्यानेच विचारावयास हवा. कोणाला विकत घेतले, कोणाला जाऊ दिले, गौतमपुरा आणि ऑस्टिन टाऊनच्या गल्ल्यांतून खेळणाऱ्या मुलांपैकी किती जण वरपर्यंत पोहोचले, हे प्रश्न ‘प्रशिक्षक हटवा’ या घोषणेपेक्षा कमी आकर्षक आहेत. पण त्यांची उत्तरे अधिक काळ टिकणारी आहेत.

येथे एक अडचण उभी राहते. प्रश्न विचारावयाचे खरे, पण ते कोणाला? जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, काही अपवाद वगळता क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. तेथला चिडलेला प्रेक्षक वार्षिक सभेत हात वर करून उभा राहू शकतो. भारतातील प्रेक्षकाला असा कोणताही अधिकार नाही. तो क्लबला ‘आमचा’ म्हणतो, पण कागदोपत्री त्याच्या मालकीचे असते ते फक्त त्या दिवसाचे तिकीट. आवाज उठविण्याची दुसरी जागा नसल्यामुळेच त्याचा आवाज सज्जात इतका मोठा होतो.

आणि हे ‘आमचे’पण किती नाजूक असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. तो वाईट खेळत होता म्हणून नव्हे. मालकांनी निर्णय घेतला, एवढेच. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पुण्याने काही वर्षांच्या अवधीत एकाहून अधिक क्लब गमावले. यांपैकी प्रत्येक संघाचे कोणीतरी प्रशिक्षकावर चिडत होते. संघ गेल्यावर त्या माणसांना चिडण्यासाठीही काही उरले नाही.

बंगळूरच्या प्रेक्षकाला २०२५ मध्ये या भयाची प्रत्यक्ष झळ लागली. राष्ट्रीय संघटना आणि स्पर्धेचे आयोजक यांच्यातील करार संपत आला होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. जुलैत आयोजकांनी पुढील हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळूर क्लबने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. हंगाम नेहमीच्या वेळी सुरू झालाच नाही. कोणत्या प्रशिक्षकाला घालवावे, हा वाद त्या महिन्यांत कोणाला सुचला नाही. मैदानावर एखादा सामना व्हावा, मग तो हरला तरी चालेल, एवढीच इच्छा उरली होती.

या अनुभवातून निष्पन्न होणारा बोध प्रेक्षकाने गप्प बसावे असा नाही. त्याने अवश्य चिडावे. किंबहुना ज्या दिवशी तो चिडण्याचे सोडून देईल, त्या दिवशी क्लबची खरी घसरण सुरू झाली असे समजावे. परंतु पराभवाच्या रात्री घराकडे जाताना त्याने स्वतःला एवढे विचारावे की, आपला राग एका माणसाच्या नोकरीवर खर्च करावयाचा, की संघ दहा वर्षांनीही या मैदानात उतरावा यासाठी राखून ठेवावयाचा? पहिला राग दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रापर्यंत पुरतो. दुसऱ्या रागाच्या बळावर मात्र तो पुढच्या सामन्याला पुन्हा त्याच सज्जात, त्याच जागेवर येऊन बसतो.