दोन गोळ्यांमधला वेळ

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली, की आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिली चौकशी होते ती गावाची. मुलगा, सून, नातवंडे तिकडे असतात. गाव दुसरेच निघाले म्हणजे जीव भांड्यात पडतो. आणि मग प्रश्न येतो, एवढा पुढारलेला देश या बंदुका बंद का करत नाही? या मोठ्या वादातल्या एकाच हत्याराबद्दल, सामान्य नागरिकाच्या हातातल्या अर्धस्वयंचलित रायफलीबद्दल, आज बोलायचे आहे.

आपल्याकडे शस्त्र ही परवान्याची बाब. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो, परवाना असेल तरच बंदूक बाळगा. अमेरिकेत सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून होते. १७९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. तो प्रत्येक व्यक्तीचा आहे आणि त्यात घरातले स्वसंरक्षणही येते, असा निकाल २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यामुळे बंदूक कशाला हवी, हे तिथला नागरिक सांगत बसत नाही; ती का नको, हे सरकारला पटवून द्यावे लागते.

आता हे हत्यार कसे चालते ते पाहू. जुन्या पद्धतीच्या शिकारी रायफलीत एक गोळी झाडली की हाताने खटका मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते, मग पुन्हा नेम धरायचा. अर्धस्वयंचलित रायफल हे काम स्वतःच करते. चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढची लगेच तयार. गोळ्या साठवण्याची पेटी, म्हणजे मॅगझिन, अनेकदा तीस गोळ्यांचे असते. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पाडणारी सैन्याची स्वयंचलित बंदूक वेगळी. बंदूकप्रेमी हा फरक आवर्जून सांगतात आणि तो खराच आहे. पण २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत हल्लेखोराने अशाच अर्धस्वयंचलित रायफलीतून पाच मिनिटांच्या आत दीडशेहून अधिक गोळ्या झाडल्या. वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे गेली.

अमेरिकेने हे हत्यार आवरायचा प्रयत्न केला नाही असे नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सप्टेंबर १९९४ मध्ये सही केलेल्या कायद्याने अशा काही रायफलींवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आली. पण कायद्याने बंदूक ओळखली ती बरीचशी रूपावरून. दस्ता घडीचा आहे का, पिस्तुलासारखी मूठ आहे का, संगीन बसवायची सोय आहे का, अशी लक्षणे मोजायची. उत्पादकांनी त्यातली एकदोन लक्षणे काढून टाकली आणि जवळपास तीच बंदूक बाजारात आणली. लोकांकडे आधीच असलेल्या बंदुका आणि मॅगझिन तशीच राहिली. त्यातून कायद्याला मुदत होती दहा वर्षांची. २००४ मध्ये ती संपली आणि कायदा गेला. सँडी हूकनंतर, २०१३ मध्ये, सिनेटमध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा आला. बाजूने चाळीस मते पडली, विरुद्ध साठ.

बंदीच्या विरोधकांचे एक म्हणणे मात्र गांभीर्याने घ्यायला हवे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यात निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. खुनांतही बहुतेक वेळा पिस्तूल वापरले जाते. रायफलींचा वाटा लहान. मग रायफलीवरच रोख का, असे ते विचारतात. आकडे बरोबर आहेत. रायफलीवर बंदी घातली की रोजचे खून थांबतील, असे कोणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. पण शाळेत, बाजारात, प्रार्थनास्थळात एकच माणूस काही मिनिटांत किती जणांना मारू शकतो, हा प्रश्न निराळा आहे. तिथे हिशेब वेळेचा असतो.

ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनचे उदाहरण घ्या. जानेवारी २०११ मध्ये एका लोकप्रतिनिधीच्या सभेत गोळीबार झाला. हत्यार पिस्तूल होते, पण मॅगझिन तेहतीस गोळ्यांचे. सहा जण गेले. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. ते मॅगझिन रिकामे झाले आणि हल्लेखोर दुसरे बसवू लागला, तेवढ्या काही क्षणांत जमलेल्या लोकांनी त्याला खाली पाडले. लोक निःशस्त्रच त्याच्या अंगावर गेले. त्यांना हवा होता तो फक्त वेळ. दहा गोळ्यांनंतरच तो मिळाला असता तर?

याच्या उलट चित्र टेक्सासमधल्या युवाल्डेचे. वाईट माणसाला आवरायला बंदूकधारी चांगला माणूसच लागतो, असे तिकडे नेहमी म्हटले जाते. मे २०२२ मध्ये युवाल्डेच्या शाळेबाहेर आणि आत शेकडो सशस्त्र पोलीस जमले होते. तरी ते हल्लेखोरापर्यंत पोचले सत्त्याहत्तर मिनिटांनी. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. समोर त्या जातीची रायफल आहे म्हटल्यावर पोलिसांचेही पाय अडखळले, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले.

दुसऱ्या देशांनी काय केले? एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे पस्तीस माणसे मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, शेतकऱ्यांच्या पक्षाबरोबर आघाडीत. तरी बारा दिवसांत सर्व राज्यांची सहमती झाली. सामान्य माणसाला अर्धस्वयंचलित रायफल बंद, बंदूक घ्यायला सबळ कारण हवे, आणि मागितल्यापासून अठ्ठावीस दिवस थांबायचे. आधीच्या साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. त्यासाठी लोकांनी जादा कर भरला. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या हत्याकांडानंतर न्यूझीलंडच्या संसदेने महिनाभराच्या आत, ११९ विरुद्ध एक मताने, असाच कायदा केला. म्हणून तिथे सगळे संपले असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर पंधरा जण मारले गेले, आणि हल्लेखोरांपैकी एकाकडे रीतसर परवाना होता. कायदा एकदा करून विसरायचा नसतो, हा त्याचा अर्थ.

अमेरिकेत आज कोट्यवधी अर्धस्वयंचलित रायफली घराघरांत आहेत. त्या सरसकट परत घेणे कोणत्याही सरकारला सोपे नाही, आणि हक्काची भाषा तिथल्या माणसाच्या हाडीमांसी भिनलेली आहे. पण मॅगझिन दहा गोळ्यांचे असावे, तरुणाने बंदूक मागितल्यावर काही दिवस थांबावे, एवढ्याने कोणाचे स्वसंरक्षण बुडत नाही. रागाच्या भरात असलेल्या मुलाच्या घरच्यांना काही दिवस मिळतात. वर्गातल्या मुलांना दाराकडे धावायला काही सेकंद मिळतात. त्या सेकंदांची किंमत काय, हे युवाल्डेतल्या आईबापांना विचारावे.