गुलाम ब्लांदिना



कामगार चळवळीतल्या माणसाने ख्रिस्ती संतिणीवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आम्ही काही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. जे थोडेफार वाचले, ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. पण ब्लांदिनाची हकीकत वाचली आणि ती मनातून जाईना.

इ. स. 177 सालची ही गोष्ट. आज फ्रान्समध्ये असलेले लिऑन शहर तेव्हा रोमन साम्राज्यात होते. गादीवर होता मार्कस ऑरेलियस, तत्त्वचिंतक म्हणून जगाने गौरवलेला सम्राट! गावातले लोक ख्रिस्ती मंडळींवर खवळले. आधी स्नानगृहे आणि बाजार त्यांना बंद झाले, मग दगडफेक झाली, मग धरपकड. त्यांच्या घरचे काही गुलामही पकडले गेले. छळाच्या भीतीने त्या बिचाऱ्यांनी धन्यांवर नरमांसभक्षणाचे खोटे आळ घेतले. नव्वदी ओलांडलेले धर्माध्यक्ष पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांत तुरुंगातच वारले.

ब्लांदिनाही गुलामच, अंगाने किरकोळ. तिची मालकीणसुद्धा कैदेत होती आणि तिलाच धास्ती, की हिच्याने हे सोसवायचे नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत छळ करणारे आळीपाळीने आले आणि थकून गेले. आपण ख्रिस्ती आहोत, आपल्यात काही गैर चालत नाही, यापलीकडे ती बोलली नाही. पुढे तिला खांबाला टांगून श्वापदांपुढे ठेवले. त्यांनी तिला शिवले नाही. अखेरच्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोंटिकसला धीर देत ती रिंगणात उतरली. तो आधी गेला. मग चाबूक, तापलेली लोखंडी खुर्ची आणि शेवटी जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकणे. हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवून जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली.

मागे राहिलेल्या मंडळींनी हे सारे एका पत्रात लिहिले. चौथ्या शतकात युसेबियस या इतिहासकाराने ते आपल्या ग्रंथात घेतले, म्हणून ते टिकले. त्या पत्रात मालकिणीचे नाव नाही. गुलामाचे आहे!

आणखी एक गोष्ट त्यात आहे. प्रथम सुमारे दहा जण डगमगले, त्यांनी धर्म नाकारला. टिकून राहिलेल्यांनी त्यांना हिणवले नाही; त्यांच्यासाठी अश्रू ढाळले. त्यांतले बहुतेक पुढे परत आले आणि मरणाला सामोरे गेले.

इथे आम्हांला आमची चूक कबूल केली पाहिजे. एका संपात घरची चूल विझली म्हणून काही सोबती कामावर परतले. आम्ही वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. एकाच्या घरी मयत झाले, तिथेही गेलो नाही. तेव्हा त्याला आम्ही बाणेदारपणा समजत होतो. ते सोबती पुन्हा संघटनेत आले नाहीत.

मार खाऊन न वाकणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. वाकलेल्याला परत उभे राहायला जागा ठेवणारी थोडी. लिऑनच्या त्या तुरुंगात ती होती, हे सांगण्यासाठीच आज आम्ही उभे राहिलो.