ऐकलेली भीती
(मंडळाच्या सभेतील भाषण)



अमेरिकेतील लेखक आर्च ओबोलर यांच्याविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे. त्यांचा जन्म १९०७ साली शिकागोत झाला. १९३६ साली त्यांनी विलिस कूपर यांच्या मागून ‘लाइट्स आऊट’ ही रेडिओवरील भयनाट्यमाला हाती घेतली. दिवे मालवून ऐका, असे श्रोत्यांना आधीच बजावीत. १९३७ सालच्या एका श्रुतिकेत प्रयोगशाळेतले कोंबडीचे काळीज वाढत वाढत शहर गिळीत सुटते! दिसायचे काहीच नाही. धडधड ऐकू यायची, आणि चित्र ज्याचे त्याने मनात काढायचे.

पुढे ते चित्रपटांकडे वळले. ‘फाइव्ह’ (१९५१) मध्ये अणुसंहारानंतर उरलेली पाच माणसे आहेत. ‘ब्वाना डेव्हिल’ (१९५२) हा त्रिमिती रंगीत बोलपट प्रेक्षकांनी चष्मे लावून पाहिला. १९८७ साली ते वारले.

भगिनींनो, मूल जेवत नाही म्हणून आपण सहज ‘बागुलबुवा आला’ म्हणतो. त्याने अंधारात काढलेले चित्र आपल्याला दिसत नाही. ओबोलरांच्या श्रोत्यांना रेडिओ बंद करता येई. मुलाला आपला आवाज बंद करता येत नाही. एवढे ध्यानात ठेवू या.