हृदयाची गोळी अचानक बंद करू नका

आरोग्याच्या या कार्यक्रमात आज आम्ही एका छोट्याशा गोळीबद्दल बोलणार आहोत. तुमच्या घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला असेल, चालताना छाती भरून येत असेल, हृदय अशक्त झालं असेल किंवा ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर ही गोळी बहुतेक तुमच्या डब्यात असेलच. काहींना ती बीपीसाठीही देतात. डॉक्टर तिला बीटा ब्लॉकर म्हणतात.

या गटातल्या गोळ्या ओळखायची एक सोपी खूण आहे. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं खरं नाव खाली बारीक अक्षरांत असतं. ते बारीक नाव वाचा किंवा मुलांकडून वाचून घ्या. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल, कार्व्हेडिलोल. सगळ्यांच्या शेवटी 'लोल' येतं, म्हणून आपण आज तिला लोलवाली गोळी म्हणू.

ही गोळी करते काय? आपण घाबरलो, धावलो, चिडलो की अंगात अ‍ॅड्रेनालिन नावाचा रस सुटतो आणि हृदय धडधडायला लागतं. आजारी हृदयाला ही धावपळ झेपत नाही. गोळी त्या रसाचा जोर हृदयापर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे ठोके संथ पडतात आणि हृदयावरचा ताण कमी होतो. उतारावर गाडीवान बैलांचा कासरा ओढून धरतो, तसंच हे. यातली प्रोप्रॅनोलोल ही गोळी जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शोधली. पुढे १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता भर उतारावर गाडीवानाने कासरा एकदम सोडून दिला तर काय होईल? आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ही गोळी रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्या लगामाची सवय झालेली असते. गोळी एकाएकी बंद केली की हृदय नेहमीपेक्षा जास्त जोरात उसळतं. छातीत दुखू शकतं, बीपी वर जाऊ शकतं, आधीच हृदयाचा आजार असलेल्याला अटॅकही येऊ शकतो. गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू, साधारण एक-दोन आठवड्यांत कमी करत आणतात.

पण आपल्याकडे गोळी बंद होते कशी? 'आता बरं वाटतंय, कशाला उगीच?' म्हणून बंद होते. ऊसतोडीला, वारीला किंवा माहेरी गेल्यावर पाकीट संपतं म्हणून बंद होते. घरात पैशाची ओढाताण असली की बाईची गोळी आधी थांबते. सासऱ्यांची गोळी आपण आठवणीने हातावर ठेवतो आणि स्वतःची विसरतो. मैत्रिणींनो, बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून. पाकिटात सात गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, हा नियम करा. परगावी जाताना दिवस मोजून गोळ्या बांधून घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. परवडत नसेल तर गप्प बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जनऔषधी दुकानात त्याच नावाची गोळी मिळते का ते विचारा, आशाताईंची मदत घ्या.

उपवासाचंही तसंच. नवरात्र असो, एकादशी असो, गोळीला सुट्टी नाही. फराळानंतर घ्या. मधुमेह असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात एक धोका लपलेला आहे. साखर एकदम उतरली की एरवी छाती धडधडते, हात थरथरतात आणि आपण सावध होतो. या गोळीमुळे ती धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र फुटतो. म्हणून विनाकारण दरदरून घाम आला, डोकं हलकं झालं, बोलणं तुटक झालं, तर लगेच साखर तपासा. यंत्र जवळ नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखर किंवा गूळ खायला द्या.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच घेऊ नका. नावापुढे एक्सएल किंवा ईआर अशी अक्षरं असतील, तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी असते. ती चावू नका, कुटून पाण्यात कालवू नका. गोळीवर मधोमध रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच अर्धी करा.

आता नाडी बघायला शिकू. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि वहीत लिहा. ही गोळी चालू असताना ठोके थोडे कमी असणारच. पण ते ५० च्या खाली गेले किंवा चक्कर येत असेल, तर त्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, झोपेत विचित्र स्वप्नं पडतात. ते सोसत बसू नका आणि गोळीही सोडू नका, डॉक्टरांना सांगा. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभ्या राहा.

काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगायच्या. दमा आहे, पंप घ्यावा लागतो, हे आधी सांगा, कारण या गोळीने दमा उफाळू शकतो. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर तेही सांगा. गरोदरपणात अटेनोलोल सहसा टाळतात आणि गरज पडली तर दुसरं औषध देतात. काचबिंदूसाठी डोळ्यात थेंब घालत असाल तर बाटली दाखवा. त्यातलं टिमोलोल हेही 'लोल'च आहे! सरकारी दवाखान्याची एक लोल आणि खासगी डॉक्टरांची दुसरी लोल अशा दोन्ही चालू राहिल्या, तर ठोके फार खाली जाऊ शकतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची सगळी पिशवीच न्या. दुकानातून परस्पर सर्दीची किंवा अंगदुखीची गोळी घेऊ नका. त्यातल्या काहींनी बीपी वाढतं. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल, तर ही गोळी चालू आहे हे सांगा.

डोकेदुखीसाठी, थायरॉइडसाठीही यातली गोळी देतात. म्हणून शेजारणीला गुण आला तरी तिची गोळी आपण घ्यायची नाही आणि आपली तिला द्यायची नाही. डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलाने एखादी जरी गिळली तरी वाट न बघता दवाखान्यात न्या.

छातीत कळ आली, शुद्ध हरपली, श्वास घरघरायला लागला तर १०८ ला फोन करा. पायांवर सूज आली, वजन भराभर वाढलं, आडवं झाल्यावर दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आज रात्री भांडी आवरून झाली की गोळ्यांचा डबा उघडा. घरात किती लोल आहेत, कुणाच्या आहेत आणि किती दिवसांच्या उरल्या आहेत, एवढं मोजा. आणि त्यात तुमची स्वतःची गोळी असेल, तर ती सगळ्यात आधी मोजा.